आपल्याकडे हा लागत नाही

तेवीस अंश

दया नको. आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, म्हणजे पुढे उगाच डोळे पुसायची वेळ यायची नाही. मी इंजिनातून काढून फेकलेला एक जुना थर्मोस्टॅट आहे आणि माणसांबद्दल माझं मत काही फार बरं नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. लाजू नका. ज्यांच्या पोटापाण्याचा तो धंदा आहे, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी तळहातावर मावतो. वर एक पितळी चकती, खाली स्प्रिंग, मधोमध एक छोटी डबी. डबीत मेण. इंजिनातलं पाणी तापलं की मेण फुगतं, चकती उचलली जाते आणि पाणी रेडिएटरकडे, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीकडे, वारा खायला निघतं. पाणी निवलं की मी मिटतो. वायर नाही, बटण नाही, कुणाची परवानगी नाही. ब्याऐंशी अंशांवर उघडायचं, हे माझ्या कडेवर ठोकलेलंच आहे.

आता नीट ऐका, कारण पुढच्या सगळ्या मूर्खपणाचं मूळ इथं आहे. माझ्या खालच्या टोकाला आणखी एक चकती आहे, लहान. इंजिनात एक चोरवाट असते. इंजिन गार असताना पाणी त्या वाटेनं आतल्या आत गोल फिरतं, रेडिएटरला तोंडही दाखवत नाही. मी वर उघडलो की माझी खालची चकती ती चोरवाट बंद करते. एक दार उघडायचं, दुसरं लावायचं. घरातल्या शहाण्या माणसाला जमतं तेवढंच काम. पण घरात शहाणं माणूस असावं लागतं.

माझा जन्म एका गार खोलीत झाला. बाहेर रस्ते वितळत होते आणि आतले कामगार स्वेटर घालून बसले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पंचेचाळीस अंश

पांढरी व्हॅन, बारा सीटची. तिच्या मालकाला सगळे दादा म्हणायचे. दादा कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायचा. तेरा वर्षं त्यानं ती चालवली, त्यातली बारा मी आत होतो.

बारा वर्षांत माझं कौतुक किती झालं? हॉर्नचं झालं. सीटकव्हरचं झालं. मागच्या काचेवर चिकटवलेल्या मोराचं तर इतकं झालं, की खरा मोर असता तर फुगून मेला असता. माझं नाव कुणी घेतलं नाही. चालायचंच. जो नीट काम करतो त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. नाव होतं ते बिघडणाऱ्याचं.

दादाला पाणी या वस्तूबद्दल काय राग होता कोण जाणे. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं असतं, त्यानं गंज चढत नाही, पाणी लवकर उकळत नाही. दादा म्हणायचा, "रंगवलेलं पाणी ते! नळाला काय धाड भरलीय?" मग मिळेल त्या नळाचं, बोअरचं, खारं, जड पाणी तो रेडिएटरला पाजायचा. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर चढत गेला, चहाच्या जुन्या किटलीत चढतो तसा.

आणि स्वतः? स्वतः तर तेही प्यायचा नाही. "पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते. गाडी थांबवली की सगळी बोंबलतात." दिवसभर पत्र्याखाली भाजून निघायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोवर ओरडायचा. रक्तदाबाची गोळी डॅशबोर्डच्या कप्प्यात वितळून जायची. शेवटी त्याची मूत्रपिंडं बसली. डॉक्टरांनी दहा कारणं सांगितली असतील. मी तेरा वर्षांपैकी बारा वर्षं पुढच्या बाजूला होतो, मला विचाराल तर...

असो. मला कुणी विचारत नाही.

अठ्ठ्याण्णव अंश

आजारपणाच्या साधारण वर्षभर आधी एकदा गाडी तापली. तापणारच, रेडिएटर आतून चुनाभट्टी झाला होता. दादानं ती गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री म्हणजे उंटावरचा शहाणा, तोही उंटावरून खाली न उतरणारा. त्यानं रेडिएटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन बोल्ट काढले आणि मला बाहेर खेचलं.

"हा काय आहे?" दादानं विचारलं.

"हा वॉल, पाण्याची झडप. थंड देशातल्या गाड्यांना असतो. तिकडं बर्फ पडतो ना, इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. आपल्याकडे हा लागत नाही."

"मग कंपनी कशाला घालते?"

"कंपनीला काय, तीन खंडांत गाड्या विकायच्या असतात. आपली गाडी तर चावी लावायच्या आधीच गरम असते!"

दोघं हसले. दादा तर मांडीवर थाप मारून हसला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली त्यानं हे गॅरेज पाहिलं असणार.

पुढचे आठ दिवस तापमानाचा काटा जरा खाली राहिला, कारण हवा गार होती, दिवस थंडीचे होते. मिस्त्रीची कॉलर ताठ. चोरवाट उघडी पडली आहे, उकळतं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात शिरतं आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोक्यात शिरायला तिथंही एखादी वाट उघडी लागते.

ऐंशीच्या आसपास

मला काचेखालच्या ट्रेमध्ये टाकलं. सोबतीला दोन नाणी, एक सुकलेलं पेन, कंगवा. दुपारी बंद गाडी उन्हात उभी राहिली की ट्रे असा तापायचा की मी उघडू लागायचो. समोर पाणी नाही, रेडिएटर नाही, कुणी नाही. मी उघडायचो आणि संध्याकाळी मिटायचो. तीन वर्षं.

दादा अंथरुणाला खिळल्यावर गाडी त्याच्या बायकोनं हातात घेतली. सगळे तिला वहिनी म्हणायचे. ती शिलाई मशीन चालवायची, त्यामुळे पाय कधी दाबायचा आणि कधी उचलायचा हे तिला गॅरेजातल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. आठवड्यातून तीनदा ती तीन रुग्णांना नव्वद किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यायची. एक तिचा नवरा. दुसऱ्या बाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, पासष्टीच्या. तिसरा टेलर, तोंडाचा फाटका.

तिघांनाही दिवसाला अर्धा-पाऊण लिटरच पाणी प्यायची परवानगी. शरीरात गेलेलं बाहेर पडत नाही ना. बाई औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून पाणी प्यायच्या. बाहेर पंचेचाळीस अंश, आत तीन तहानलेली माणसं आणि त्यांच्यापुढे एक इंजिन, जे दर खेपेला कॅनभर पाणी ढोसायचं.

मला वहिनीनं रुग्णांच्या यादीवर वजन म्हणून ठेवलं. बढतीच म्हणायची.

"कागदाला तेलाचा डाग कसला गं हा?" बाईंनी एकदा विचारलं. यादीवर एक गोल, पिवळट डाग होता.

"ह्यांनी काहीतरी तळलेलं खाल्लं असणार लपून."

"मी? मी कुठं खाल्लं?" दादा उसळला.

खाल्लं असणार. मीही तसंच समजलो. या माणसाबद्दल काहीही वाईट ऐकलं की मला लगेच पटायचं.

एकशे नऊ अंश

हॉस्पिटलात खुर्ची ठरलेली असते, वेळ ठरलेली असते. अर्ध्या तासाहून उशीर झाला तर खुर्ची रांगेतल्या दुसऱ्याला. त्या उन्हाळ्यात व्हॅन एकदा वाटेत उकळली होती. ही दुसरी वेळ.

हॉस्पिटलच्या अलीकडे सात किलोमीटरचा चढ आहे. चढाच्या पायथ्याशीच काटा लाल पट्टीकडे सरकला. वहिनीनं काय करावं? हीटर लावला.

"अगं, वेड लागलं का तुला?" दादा ओरडला. "बाहेर आग पडलीय आणि तू हीटर लावतेस?"

"इंजिनाची उष्णता तिकडून काढून घेतेय. खिडक्या उघडा."

"वहिनी," मागून टेलर म्हणाला, "आमचं पोस्टमॉर्टेम उकडून करायचंय का भाजून?"

"घाम येऊ दे की," बाई म्हणाल्या. "तेवढंच अंगातलं पाणी कमी. मशीनला काम हलकं."

"माझ्या हातात तेरा वर्षं ही गाडी एकदा तापली नाही," दादा म्हणाला. धडधडीत खोटं. "क्लच अर्धा दाबून चालवते ही. बाईचा हात लागला की लोखंडसुद्धा कुरकुर करतं."

"अहो, लोखंड नाही कुरकुरत. शेजारच्या सीटवरून आवाज येतोय."

काटा बोटभर खाली आला. चौथा किलोमीटर, पाचवा. सहाव्याला बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि वहिनीनं गाडी कडेला घेतली.

टेलर खाली उतरून म्हणाला, "झाकण उघडा, पाणी ओता."

"हात लावाल तर याद राखा. उकळतं पाणी तोंडावर येईल." ती थांबली. वीस मिनिटं. तीस. मग हाताला फडकं गुंडाळून तिनं बॉनेट वर केलं आणि रेडिएटरचे पाइप चाचपले. वरचा गरम. खालचा पाइप कोमट. इंजिन मात्र अजून हात लावू देत नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. मला काचेतून, बॉनेटखालच्या फटीतून तिचं कपाळ दिसत होतं, आठ्या पडलेलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"इंजिन उकळतंय आणि ही जाळी गार. म्हणजे पाणी हिच्याकडे पोचतच नाहीये नीट. एका बर्नरवर डाळ उतू जातेय आणि आपण दुसऱ्या बर्नरवर फुंकर घालतोय."

तीन वर्षांत पहिलं शहाणं वाक्य. मी ट्रेमध्ये पडून होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. ओरडता आलं असतं तर काच फुटली असती.

कॅन रिकामा झाला तरी पाणी कमी पडत होतं. बाईंनी आपली बाटली पुढे केली. त्यांचं दिवसभराचं पाणी. वहिनीनं ते घेतलं, कारण घ्यावंच लागलं, आणि रेडिएटरमध्ये ओततानाच्या आवाजापासून तिघांनीही तोंड फिरवलं.

पोचायला पन्नास मिनिटं उशीर झाला. सिस्टरनं दोन खुर्च्या कशाबशा धरून ठेवल्या होत्या, तिसरी गेली होती. दादा म्हणाला, "बाईंना बसवा, टेलरला बसवा." हे मात्र तो म्हणाला, त्याच्या खात्यावर काहीतरी चांगलंही असावं म्हणून सांगतो. दुपारी एक खुर्ची रिकामी झाली तोवर त्याच्या पायांवर सूज चढली होती आणि त्याला धाप लागली होती. वहिनी त्याच्या पायाशी बसून होती.

सिस्टर बाहेर आली. "वहिनी, मी वाईट नाही. पण बाहेर एकोणीस माणसं नाव लावून बसलीत. परवा पुन्हा उशीर झाला तर तिघांचीही ठरलेली जागा जाईल. मग खुर्ची रिकामी होईल तेव्हा फोन येईल."

"कधी येईल फोन?"

सिस्टरनं पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं. वहिनीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

एकेचाळीस अंश, गॅरेजात

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस्त्रीपुढे उभी.

"क्लच," मिस्त्री म्हणाला.

"क्लच नाही. जाळी गार राहते."

"मग उन्हाळा. हल्ली उन्हाळे फार तापायला लागलेत."

तिनं यादी काढायला ट्रेमध्ये हात घातला आणि मला उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय आहे हो? कधीपासून पडलंय."

"ते? तो वॉल. आपल्याकडे लागत नाही तो."

"काढला कधी?"

"झाली असतील तीन वर्षं."

"आणि गाडी तापायला लागून किती झाली?"

मिस्त्रीनं बोटं मोजायला हात वर केला आणि तसाच डोक्याकडे नेऊन खाजवला. मित्रांनो, हा देखावा मी कितीही वेळा पाहायला तयार आहे.

"ह्या खालच्या चकतीनं काय बंद होतं?" तिनं विचारलं. मिस्त्रीनं इंजिनाच्या तोंडाशी टॉर्च धरला. बराच वेळ धरला. मग हळूच म्हणाला, "इथं एक भोक आहे खरं."

त्यानं रेडिएटर खोलून तीन बादल्या चुना काढला, कूलंट आणलं. "आता हा बसवून टाकू?" माझ्याकडे हात करून त्यानं विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "काल लागत नव्हता, आज लगेच बसवू? आधी घरी नेते."

वाटेत तिनं सुट्या भागांच्या दुकानात मला नमुना म्हणून काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं फडताळाच्या तळातून धुळीनं माखलेलं एक खोकं काढलं. "हे कुणी नेत नाही हो इकडे. उकाड्यात काय करायचंय?" तिनं ते घेतलं.

ब्याऐंशी अंश

स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, पातेल्यात पाणी. दुपारची वेळ. दादा भिंतीला टेकून खुर्चीत.

"हे काय चाललंय?"

"बघतेय कोणता खरं बोलतो ते."

"अगं, जुनाच घाल. कंपनीचा माल आहे, ओरिजिनल. हे दुकानातलं काय, चायना असेल." मग जरा थांबून, जमिनीकडे बघत, "काढला नसता तर बरं झालं असतं बहुतेक."

चूक कबूल करायला तीन वर्षं लागली, तीही बहुतेक लावून. पण माझ्या बाजूनं बोलला म्हणून मी त्याला त्या क्षणापुरतं माफ केलं.

तिनं आम्हा दोघांनाही दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडलं. तो नवा माझ्या शेजारी, चकचकीत, अजून खोक्याचा वास येणारा. मी मनात म्हटलं, बघ पोरा, काम कसं करतात ते.

पाणी तापलं. तळाशी बुडबुडे धरले. वहिनी खाली वाकली. दादाही खुर्चीतून उठून आला, भिंतीचा आधार घेत.

शेजारचा उघडला. आवाज नाही, गाजावाजा नाही. चकती अलगद उचलली गेली, एवढंच.

आता मी.

पाणी खदखदायला लागलं. शंभर. मी जोर केला. माझ्या पोटात काही फुगलंच नाही. मेण नव्हतंच तिथं. तीन उन्हाळे त्या ट्रेमध्ये भाजून डबीचं रबर चिरलं होतं आणि मेण थेंबाथेंबानं गळून यादीच्या कागदात मुरलं होतं. दादानं काही तळलेलं खाल्लं नव्हतं.

"हा मेलाय," वहिनी म्हणाली.

तुम्हाला यातलं गांभीर्य कळलं नसेल म्हणून सांगतो. मिस्त्रीनं सकाळी मला बसवलं असतं, तर मी मिटलेलाच राहिलो असतो. रेडिएटरची वाट पूर्ण बंद. मी नसताना गाडी सहाव्या किलोमीटरला थांबली होती. मी असतो तर पहिल्यालाच इंजिन फाटलं असतं. एकोणीस माणसांपैकी तिघांना त्या दिवशी फोन गेला असता.

सगळ्यांना मूर्ख म्हणत आलो. सगळ्यांच्या बाबतीत माझं बरोबर होतं. फक्त एकाच्या बाबतीत मी चुकलो, आणि तो सर्वांत जवळचा होता, मी स्वतः.

सत्तेचाळीस अंश, बाहेर

सिस्टरनं सांगितलेला तो परवा उजाडला. नवा वॉल मिस्त्रीनं बसवला. वहिनी टॉर्च धरून शेजारी उभी होती आणि तिनं प्रत्येक बोल्ट स्वतः ओढून पाहिला. मी तिच्या पर्समध्ये राहिलो होतो, मिस्त्रीला दाखवायला नेलेला, काढायचा राहून गेलेला. चेन अर्धी उघडी होती.

चढ सुरू झाला. सगळ्यांचे डोळे काट्यावर. टेलरचेसुद्धा. पहिला किलोमीटर, तिसरा, सहावा. काटा मधोमध, जागचा हलला नाही.

"आज हवा जरा गार आहे," दादा म्हणाला.

"सत्तेचाळीस आहे," वहिनी म्हणाली.

"मग गार नाही," दादा म्हणाला.

अकरा मिनिटं आधी पोचले. सिस्टरनं यादीवर तीन खुणा केल्या आणि वर पाहिलंही नाही. याहून मोठं कौतुक त्या हॉस्पिटलात कुणाचं होत नसावं. बाई आत गेल्या, टेलर गेला. दादा मात्र आवारात उभ्या असलेल्या दुसऱ्या व्हॅनपाशी थबकला. तिच्या ड्रायव्हरनं बॉनेट उघडं टाकलं होतं आणि तो हातातल्या बाटलीनं पाणी ओतत होता.

"वॉल काढलाय ना रे तुझा?" दादानं विचारलं.

"तो आपल्याकडे लागत नाही दादा."

"कोण म्हणतो लागत नाही? खाली एक छोटी चकती असते त्याला. चोरवाट असते इंजिनात. ती बंद कोण करणार, तुझा सासरा? आणि जुना घालायचा नाही, आधी पातेल्यात उकळून बघायचा. मी कालच बघितलं."

मी म्हणे, मी! कमरेवर हात ठेवून, सुजलेल्या पायांवर उभं राहून, जणू थर्मोस्टॅट या माणसानंच शोधून काढला. वहिनी दोन पावलांवर होती. तिनं ऐकलं. मला वाटलं, आता बोलेल, आता त्याचं पितळ उघडं पाडेल. ती फक्त म्हणाली, "अहो, खुर्ची वाट बघतेय," आणि त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन गेली.

पुढच्या खेपेला त्याच आवारात तीन गाड्यांची बॉनेटं उघडी होती आणि तीन ड्रायव्हर दादाला गाठून चोरवाट कुठं असते ते विचारत होते. खरी गोष्ट चुकीच्या तोंडून बाहेर पडली, तरी ती तेवढीच गार करते. मला हे आवडलेलं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या म्हणून सांगायचं असतं. घ्या. रेडिएटरमध्ये कूलंट घाला, तापलेलं झाकण उघडू नका, आपल्या हद्दीत उन्हाळा आहे म्हणून एखादा भाग फुकटचा समजू नका. वेळच्या वेळी पाणी प्या, ज्यांना पिता येतं त्यांनी. आणि कुणी छातीठोकपणे सांगितलं, मग तो मिस्त्री असो, घरातलं मोठं माणूस असो की माझ्यासारखा कडेवर आकडा ठोकलेला असो, तर मान डोलवू नका. पातेलं चढवा आणि बघत उभे राहा.